भूकंपग्रस्तांचं ताट

इबिदुनबाईंनी अकुरे शहरातल्या मुलींच्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवला, आणि एकही वर्ष असं गेलं नाही की त्यांनी वर्गात ताटाची गोष्ट सांगितली नाही. पठारं, नद्या, कोकोचा पट्टा वगैरे उरकलं, परीक्षा तोंडावर आली आणि एखादी पोरगी रडवेली दिसली, की बाई खडू खाली ठेवायच्या आणि सुरू करायच्या, "मी विद्यापीठात गेले ना, त्या पहिल्या रविवारी..." पोरींना गोष्ट पाठ होती. बाईंच्या लेकीलाही पाठ होती, पण ती पडली चिकित्सक. "आई, त्या मुलाच्या हातून ताट साधं पडलं असेल गं. तू उगाच त्याला देव करून ठेवलंयस." खरं काय ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. ज्याचे आभार मानायचे, त्याने मुळात उपकार केले होते की नाही हेच कळलेलं नव्हतं, आणि ते त्यांना जन्मभर टोचत राहिलं.

इबिदुन खाडीकडची. तिच्या गावात घरं पाण्यात खांबांवर उभी, शेजारणीकडे मीठ मागायला जायचं तरी होडी काढावी लागे. विद्यापीठाचं तोंड बघणारी गावातली ती पहिली मुलगी. पत्र्याची ट्रंक, धुरी दिलेल्या माशांची पुरचुंडी आणि आत्याने हौसेने घेऊन दिलेले उंच टाचांचे बूट एवढा संसार घेऊन ती त्या लाल मातीच्या टेकड्यांत उतरली. आई आदल्या वर्षी गेली होती. बापाने निरोप देताना एवढंच सांगितलं, "नाही जमलं तर परत ये. त्यात लाज नाही." बापाचा हेतू चांगला होता, पण गावात दोन मोटारबोटींचा मालक तिच्यासाठी टपून बसला होता. परत येणं म्हणजे काय, हे तिला नीट माहीत होतं.

ते दिवस म्हणजे दिवसच होते. देशात तेलाचा पैसा नुकताच आला होता आणि अजून सगळा चोरीला जायचा होता. विद्यार्थ्यांच्या चादरी धोबी खोलीवर येऊन न्यायचा आणि इस्त्री करून आणून द्यायचा. नाश्त्याला अंडी. रविवारी दुपारी कॅफेटेरियात टोमॅटोचा लालभडक जोलोफ भात, तळलेली केळी आणि माणशी पाव कोंबडी, वर आइसक्रीम. हे आज नातवंडांना सांगितलं तर ती एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतात आणि आजीला पाणी आणून देतात.

कॅफेटेरियाचा कायदा मात्र एकच होता, आणि तो कुठे लिहिलेला नव्हता. तिथे ताट पाडायचं नाही. ताटं एनॅमलची, फरशी सिमेंटची. पडलं की तोफ उडाल्यासारखा आवाज व्हायचा आणि मग सुरू व्हायचा आरो. म्हणजे सगळ्या हॉलने चमचे आपटत त्या अभाग्याच्या नावाने गाणं म्हणायचं. गाणं ठरलेलं होतं: "ताट पडलं कुणाचं? आईच्या लाडक्या बाळाचं! आई, आई, भरवायला ये!" वर त्याला एक नाव मिळायचं, ते कायमचं. एकाने सूप सांडलं, तो 'नायजर नदी' झाला. पुढे तो न्यायाधीश झाला, पण कोर्टाबाहेर मित्र त्याला "काय नायजर, पाणी किती?" असंच विचारायचे. दुसरं ताट मिळायचं नाही, हेही कायद्यात होतंच. वाढणाऱ्या बायका त्या बाबतीत दगडाच्या होत्या.

तर त्या पहिल्या रविवारी इबिदुन आत्याचे बूट घालून रांगेत उभी राहिली. होडीत तोल सांभाळणारी पोर, पण टाचांवर तिचा तोल सांभाळेना. ताट घेऊन वळली, टाच ओल्या फरशीवर सरकली, आणि भात, केळी, कोंबडी सगळं हॉलच्या मधोमध पसरलं.

आणि लगोलग चमचे. "ताट पडलं कुणाचं?" सगळ्यात मोठ्याने ठोकत होती फेयी, तिची लागोसची खोलीसोबतीण, जी आठवडाभरात तिच्याशी "खिडकी लाव" याखेरीज एक शब्द बोलली नव्हती. इबिदुन खाली वाकून भात गोळा करू लागली आणि डोक्यावर "आई, आई, भरवायला ये!" कोसळत होतं. त्या पोरांना काय ठाऊक, की तिची आई येणार नव्हती. ती रडली नाही. तिने फक्त मनाशी ठरवून टाकलं: ट्रंक भरायची, उद्याची पहिली लॉरी धरायची, आणि मोटारबोटवाल्याला हो म्हणायचं.

तेवढ्यात दुसरी तोफ उडाली.

सगळ्या माना वळल्या. तिच्यापासून दोन पावलांवर तिसऱ्या वर्षाचा एक काटकुळा मुलगा उभा होता. उदोमा त्याचं नाव, पूर्वेकडचा, पदार्थविज्ञानवाला. त्याच्या पायाशी त्याचं ताट उपडं पडलेलं, आणि तो छताकडे बोट दाखवून ओरडत होता, "हलली! इमारत हलली! आधी त्या मुलीचं पडलं, मग माझं! अरे मूर्खांनो, हा भूकंप आहे, आणि तुम्ही गाणी कसली म्हणताय?"

हॉलमध्ये जो हशा पिकला त्याला सुमार नाही. चमचे त्याच्याकडे वळले, गाणं त्याच्याकडे वळलं, आणि कुणीतरी मागून आरोळी दिली, "भूकंप! भूकंप!" नाव बसलं. पण पठ्ठ्या एवढ्यावर थांबला नाही. त्याने रिकामं ताट उचललं, इबिदुनचं मनगट धरलं आणि तो टेबलाटेबलावर फिरू लागला. "भूकंपग्रस्तांना मदत करा हो! या बाईचं घर गेलं, दार गेलं, कोंबडी गेली! दयाळू लोकहो, एक एक चमचा!"

"तुझं काय गेलं रे?" कुणीतरी विचारलं.

"माझं? माझी तर दोन आठवड्यांची आशा गेली. मागच्या रविवारी मी आजारी होतो!"

लोक देत गेले. एक चमचा भात, केळ्याची फोड, कोंबडीचा लचका. देताना प्रत्येकजण नाव विचारायचा, "कोण गं तू? कुठली?" आणि खाली मान घातलेल्या इबिदुनला प्रत्येक टेबलापाशी तोंड उघडावंच लागलं. फेयीने आपल्या कोंबडीचा चांगला मोठा तुकडा तोडून ताटात टाकला आणि म्हणाली, "घे. आणि खिडकी हवी तर उघडी ठेवत जा, मला काही फरक पडत नाही." फेरी संपली तेव्हा ताटावर एवढा डोंगर झाला होता की दोघांना संपला नाही. अख्ख्या हॉलला तिचं नाव आणि गाव माहीत झालं होतं. ट्रंक भरायची राहूनच गेली.

दोन दिवसांनी तिने धीर करून त्याला गाठलं. "ब्रदर उदोमा, तुम्ही ताट मुद्दाम पाडलंत ना?"

"वेड लागलंय का तुला?" तो खरोखरच दुखावल्यासारखा म्हणाला. "कोंबडी कोण मुद्दाम पाडेल?"

आणि हेही पटण्यासारखंच होतं. उदोमा जेवायचा ते बघणाऱ्याला पटलंच असतं. रविवारची कोंबडी तो हाडांसकट चावून खायचा आणि मग शेजाऱ्याच्या हाडांची विचारपूस करायचा. असा माणूस एका अनोळखी पोरीसाठी पाव कोंबडीवर पाणी सोडेल, हे कुणाला खरं वाटावं?

ते वर्ष कसं गेलं ते इबिदुनला विचारू नका, ती सांगत बसेल. महिनाअखेरीला घरचा पैसा आटला की ती, फेयी आणि उदोमा थंड पाण्यात गारी, म्हणजे कसाव्याचा भाजका रवा, भिजवून, वर साखर आणि शेंगदाणे टाकून खायचे आणि मंत्र्यांच्या थाटात देशाची खाती वाटून घ्यायचे. हरमटानच्या कोरड्या, वाळवंटी वाऱ्याने ओठ फुटायचे, वाचनालयात पुस्तकांवर धूळ बसायची. उदोमा विद्यार्थी संघाच्या निवडणुकीला उभा राहिला. "भूकंपाला मत द्या, खुर्च्या हलवा" अशी पत्रकं तिघांनी हाताने लिहिली आणि तो दणकून पडला. महिन्याभरातच 'तुम्ही'चा 'तू' झाला होता, 'ब्रदर' कुठेतरी गळून गेला होता. मग तो पास झाला, पदवीनंतरच्या सक्तीच्या सेवावर्षासाठी उत्तरेला गेला, तिथेच कुठे नोकरीला लागला, पत्रं आली, विरळ झाली, थांबली. कुणाचं काही चुकलं नाही. आयुष्य पडतं असं अंगावर.

तो गेल्यावर पुढच्या एका रविवारी रांगेत उभं असताना इबिदुनला एकदम आठवलं. ताट पडायच्या आधी उदोमाच्या दुसऱ्या हातात पाण्याचा काचेचा ग्लास होता. भात गोळा करताना तिने मान वर केली होती, तेव्हा तो ग्लास तो शेजारच्या टेबलावर ठेवत होता. हळूच, नीट, कडेपासून आत. ताट त्यानंतर पडलं. ग्लास का ठेवला असेल? की हात भरून आला म्हणून ठेवला, आणि मग ताट खरंच निसटलं? विचारायला माणूस जवळ नव्हता. पुढे लग्न झालं, लेक झाली, नवरा गेला, नोकरी संपली. बाईंनी नकाशे पुष्कळ शिकवले, पण त्या ग्लासाचा पत्ता त्यांना लागला नाही.

चाळीसएक वर्षांनी फेयीचा फोन आला. फेयी आता तीन नातवंडांची आजी होती, पण आवाज तोच, चमचे ठोकणारा. "जुन्या लोकांचा मेळावा ठेवलाय. कॅफेटेरियातच. मी मेनू ठरवलाय: जोलोफ, केळी, पाव कोंबडी. बाजार पालथा घालून एनॅमलची ताटं आणलीत. रांगेत उभं राहायचं, वाढून घ्यायचं, कुणाला टेबलावर सेवा मिळणार नाही. मंत्री असो की बिशप."

"गुडघे दुखतात गं माझे."

"भूकंप येतोय," फेयी म्हणाली. बाईंनी गुडघ्यांचा विषय बंद केला.

कॅफेटेरियाला नवा रंग दिला होता, जुना त्याच्याखालून डोकावत होता. बाहेर बदामाचं झाड तेच. त्याच्या पारावर एक काटकुळा म्हातारा पांढरी टोपी मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याने दोन्ही हात त्या टोपीखाली घातले होते.

"इमारत अजून उभी आहे रे," बाई म्हणाल्या.

उदोमाने मान वर केली आणि त्याचा अख्खा चेहरा हसला. "खाडीची बाई! बूट कुठायत?"

"आत्याबरोबर पुरले." दोघं हसले, मग थोडे रडले, मग पुन्हा हसले. त्याने सांगितलं, उत्तरेला कदुनात शिकवत होता, बायको गेली, आता लेकीकडे असतो. हात मात्र टोपीखालून निघेनात. आतून फेयीची हाक आली, "चला, रांग लावा!" तसा उदोमा उठला. "मी निघतो. बस धरायची आहे."

"जेवल्याशिवाय? तू?"

उत्तर म्हणून त्याने टोपी बाजूला केली. दोन्ही हात थरथरत होते, वाऱ्यात पान हलतं तसे, थांबायचं नाव न घेता. "चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, असंच चालायचं. घरी लेक भरवते मला, चमच्याने. आता तूच सांग, ते गाणं मी कसं ऐकू?"

"तू बस," बाई म्हणाल्या. "मी तुझं ताट आणते."

"बिशप रांगेत आणि मी बसून? ते त्याहून वाईट. सगळे विचारतील."

"मग रांगेत ये. माझ्या पुढे उभा राहा."

"आणि पडलं तर? झेलणार आहेस?"

"मी आहे ना," बाई म्हणाल्या, आणि म्हणाल्यावर त्यांनाच कळलं की याचा अर्थ काय ते त्यांना माहीत नाही. मग जाता जाता, थोडं त्याचं मन वळवायला आणि थोडं स्वतःसाठी, त्यांनी विचारलं, "उदोमा, ते ताट तू मुद्दाम पाडलंस ना?"

"अजून तेच? कोंबडी कोण मुद्दाम पाडेल?" पण तो बसच्या दिशेने न जाता दाराच्या दिशेने चालू लागला होता.

रांगेत बाईंचा जीव टांगणीला लागला. याला आपण आणलं. पडलं तर आपल्यामुळे. वाढणाऱ्या मुलीने भात घातला, केळी घातली, कोंबडी ठेवली. उदोमाने ताट दोन्ही हातांनी छातीशी धरलं. चमचा ताटावर टकटक वाजत होता. तो एक टेबल ओलांडून गेला, दुसरं ओलांडून गेला, बाई ताट आणि पाण्याचा ग्लास घेऊन मागोमाग. आता जमतंय असं वाटलं, आणि हॉलच्या अगदी मधोमध ते सुटलं.

तोफ उडाली. तोच आवाज, एवढ्या वर्षांनी.

सगळ्या माना वळल्या. सगळ्यांनी आधी ताट पाहिलं, मग त्याचे हात पाहिले. आणि कुणीच काही केलं नाही. शे-दीडशे माणसं, प्रत्येकाला गाणं पाठ, आणि एक चमचा वाजला नाही. कुणी खाली बघू लागलं, कुणी "अरेरे" म्हणालं, एक बाई धावली, "असू दे हं, असू दे, बसा तुम्ही." इतक्या हळू आवाजात, की जणू कुणी मेलं होतं. उदोमा मधोमध उभा होता, पायाशी भात. एवढ्या वर्षांपूर्वीची ती मुलगी सगळ्यांनी चिडवली म्हणून पळून जाणार होती. हा माणूस कुणी चिडवेना म्हणून मोडून पडत होता.

इबिदुनबाईंनी शेजारच्या टेबलावर आपला ग्लास ठेवला. नीट, कडेपासून आत. आणि हातातलं ताट त्यांनी सोडून दिलं.

"भूकंप!" त्या ओरडल्या. शाळेतल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तो. "इमारत हलली! मेल्यांनो, बघता काय नुसते? आधी त्याचं पडलं, मग माझं!" आणि कुणाच्या तरी पुढ्यातला चमचा उचलून त्यांनी टेबलावर ठोकायला सुरुवात केली. "ताट पडलं कुणाचं?"

एक श्वासभर काहीच झालं नाही. मग फेयीचा चमचा वाजला. मग न्यायाधीश नायजर नदीचा. मग बिशपांचा. मग सगळा हॉल सुटला, म्हाताऱ्या आवाजांत, खोकत, हसत: "आईच्या लाडक्या बाळाचं! आई, आई, भरवायला ये!"

बाई उदोमाकडे बघेनात, धीर होईना. बघितलं तेव्हा तो टेबलाला टेकून उभा होता, हातात चमचा, आणि चमचा ताड ताड ताड वाजत होता. "बघा रे," तो ओरडला, डोळ्यांतून पाणी, "तुम्हाला कष्ट पडतात, माझा हात आपोआप वाजवतो!" त्यावर हॉल असा हसला की खिडक्यांच्या काचा वाजल्या.

फेयीने पदराला हात पुसावेत तसे हात झग्याला पुसले, खालचं एक ताट उचलून धुऊन आणलं आणि फिरू लागली. "भूकंपग्रस्तांना मदत करा हो! म्हातारा गेला, म्हातारी गेली, कोंबडी गेली!"

"दुसरं ताट मिळतं की मागे काउंटरवर," वाढणारी मुलगी म्हणाली. ती बिचारी नव्या काळातली.

"गप गं," फेयी म्हणाली. "कायदा आहे."

चमचा चमचा करत ताटावर डोंगर झाला. तो दोघांच्या मध्ये ठेवला गेला. उदोमाने चमचा उचलला, निम्मा भात टेबलावर सांडला, निम्मा तोंडात गेला. समोर नायजर नदीने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय भूकंप, किती रिश्टर?" आणि उदोमा तोंडातल्या घासासकट हसला. पुढचा घास बाईंनी आपल्या चमच्याने त्याच्या तोंडाशी नेला. त्याने तो घेतला. कुणी बघितलं नाही, कारण बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"तू मुद्दाम पाडलंस," तो जरा वेळाने म्हणाला.

"कोंबडी कोण मुद्दाम पाडेल?"

"ग्लास आधी ठेवलास खाली."

"तूही ठेवला होतास," बाई म्हणाल्या.

उदोमा चावायचा थांबला. मग हाडाकडे बघत, जरासं ओशाळून म्हणाला, "काचेचा होता गं. फुटला असता, तर तुझ्या हातात गेली असती काच. तू खाली बसून भात वेचत होतीस."

बाईंना बोलायचं खूप होतं. अकुरेच्या सगळ्या पोरी, लेक, नकाशे, मोटारबोटवाला, एवढ्या वर्षांचं सगळं. त्यातून एकच शब्द निघाला. "थँक्यू."

"हं," उदोमा म्हणाला. त्याने थरथरत्या हाताने त्या डोंगरातला सगळ्यात मोठा कोंबडीचा तुकडा तिच्या बाजूला सरकवला. "आता खा. गार होतंय."